बारा चकत्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी आज बोलावून सांगितलं की वीस एप्रिलच्या आत बारा चकत्या हव्यात. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. वयाने माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण त्यांच्यासमोर खुर्चीत रेलून बसायची माझी अजून हिंमत होत नाही. सोबत काटेकोर होता. एकोणीस वर्षं मी चकत्या करतो, तो त्या मोजतो आणि बाई त्यावर सही करतात. काटेकोर हे नाव त्याला मीच दिलं. चहात साखर ढवळून झाली की तो चमचा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. तो मला कारागीर म्हणतो आणि त्यात निम्मी थट्टा असते.

मोठं काम आलं की मी वही ठेवतो. आधी काम काय ते लिहून टाकतो. दूर एका ठिकाणी वापरलेल्या पाण्याच्या टाक्या भरून उभ्या आहेत. त्या पाण्यातला थोडा हायड्रोजन जड आहे, आणि त्यातला सगळ्यात जड किरणोत्सारी. तो काढल्याशिवाय पाणी कुठे सोडता येत नाही. हलका आणि जड हे सख्खे भाऊ. रंग नाही, वास नाही, अंगलट एकच. मग वेगळे कसे करायचे? बाईंनी पहिल्या वर्षी समजावलं होतं ते अजून तसंच लक्षात आहे. अगदी बारीक छिद्रांचा पडदा घ्यायचा आणि तो भयंकर थंड करायचा. त्या थंडीतही हलका भाऊ स्वस्थ बसत नाही, वळवळतो. वळवळणारा जास्त जागा खातो, म्हणून छिद्रातून जाताना अडतो. जड भाऊ निमूट निघून जातो.

तो पडदा मी करतो. मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढी पांढरी चकती, तिच्यावर स्फटिकांच्या भुकटीचा ओला लेप. तो लेप काचकांडीने एका ओढीत पसरायचा. श्वास रोखून, दोन सेकंदांत, एकदाच. पुढे भट्टीत स्फटिक वाढतात, एकमेकांना चिकटतात आणि पडदा तयार होतो. ओढ कुठे अडखळली तर तिथे फट राहते, आणि फटीतून दोघे भाऊ हातात हात घालून जातात. चांगल्या चकतीचा आकडा सहाच्या आसपास येतो, म्हणजे हलक्याच्या सहापट जड पलीकडे. फुटकीचा आकडा एक. आलं तसं गेलं.

या वेळी भुकटी नवी आणि स्वस्त आहे. टाक्यांवाले पुढे याच भुकटीच्या चारशे चकत्या स्वतः करणार, आमच्या आकड्यांवर विसंबून. जुन्या भुकटीच्या दहा चकत्या कपाटात पडून आहेत, चार वर्षांपूर्वीच्या, माझ्याच हातच्या. त्यांचा आता उपयोग नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मंगळवारी दोन ओढायच्या, दहा दिवसांनी शुक्रवारी मोजायच्या, असा पाळीपाळीने क्रम लावला आहे. पहिली जोडी आज मोजली. १.० आणि १.२.

भुकटीच रद्दी आहे. शिवाय शेजारच्या खोलीत नवा पंप बसवलाय, त्याने सगळी इमारत हादरते. मी पडताळा घेतला. पेलाभर पाणी टेबलावर ठेवलं, पाणी स्थिर. तोच पेला हातात घेतला तर पाणी थरथरायला लागलं. म्हणजे जमीन हादरते आहे आणि ते पायांतून वर येतं. काटेकोरला दाखवलं. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "पंपाखाली रबर घालायला सांगतो." तसं त्याने केलंही. मित्र असावा तर असा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला. ही आंघोळीतून धावत आली. (ही म्हणजे बायको. चौतीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारली ती फक्त रेल्वेच्या फलाटावर, गर्दीत.) "अहो, दोन पावलांवर बसलाय तुम्ही! वास नाही आला?"

सर्दी असणार. गेलं वर्षभर ही सर्दी पाठ सोडत नाही. गंमत म्हणजे नाक वाहत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

१.१ आणि १.०. नोंदवहीत लिहिताना काटेकोरने पेन दोनदा झटकलं.

बाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "एक सांगू का? रागावू नका. मार्चअखेर जमलं नाही तर मी फवारणीचं यंत्र मागवणार आहे. हाताची ओढ बंद करावी लागेल."

"आणि मी?"

"भांडारात जागा आहे. तुमची दोनच वर्षं राहिलीत."

भांडार म्हणजे तळघर. खोकी मोजायची आणि कुलूप लावायचं. माझ्या हाताने या मजल्यावर पाचशेच्या वर चकत्या ओढल्या आहेत, आणि आता मी खोकी मोजू? मी काचकांडी पुसून जागेवर ठेवली. पण बसमध्ये डोळे भरून आले. एका अनोळखी बाईने उठून मला जागा दिली, हे त्याहून वाईट झालं.

हिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरी जोडी ओढली. गेल्या मंगळवारी पंपाखाली रबर बसवत होते, म्हणून ओढ नव्हती. चिमटा नवा दिलाय, धड धरता येत नाही. खरेदीवाल्यांना कारागिरीतलं शून्य कळतं.

जेवणाच्या सुट्टीत फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "काल वहिनी आल्या होत्या. मापाच्या खोलीतल्या साहेबांकडे गेल्या." घरी विचारलं तर ही म्हणाली, "तुमचा चष्मा राहिला होता, तो द्यायला आले होते. तुम्ही भट्टीपाशी होतात." काल चष्मा माझ्या खिशातच होता असं मला वाटत होतं. वय झालं, दुसरं काय.

६ मार्च, शुक्रवार

६.१! आणि ५.९!

मी टाळीच वाजवली. काटेकोर यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वाचत होता, माझ्याकडे न बघता. मी त्याच्या पाठीत धपका घातला. "बघितलंस? म्हातारा अजून मेला नाही!" तो म्हणाला, "बघितलं." त्याला कौतुक जमतच नाही. बाईंनी स्वतः येऊन हात मिळवला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

हिला फोन केला. तिने आकडे दोनदा विचारून घेतले. मग म्हणाली, "फार बरं झालं. मी नळ चालू ठेवून आलेय," आणि फोन ठेवला.

११ मार्च, बुधवार

हिने मला डोक्यातून घालायचे तीन स्वेटर आणलेत आणि सगळे बटणांचे शर्ट माळ्यावर टाकलेत. विचारलं तर म्हणे इस्त्री करून कंबर गेली. बूटही नाडीशिवायचे आणलेत. या वयात नटवायला निघाली आहे. घालतोय.

चालताना मी उजवा हात हलवत नाही, असं ती सांगते. हात काय वारा घालायला आहे?

वही मात्र पुरेल असं दिसतंय. पूर्वी एका ओळीत माझे सात शब्द मावायचे, आता बारा मावतात. काटकसर अंगात मुरली.

१३ मार्च, शुक्रवार

६.२, ५.८. पाठवायच्या पेटीत चार.

काटेकोर आता मोजताना मला खोलीत येऊ देत नाही. "तू मागे उभा राहिलास की मी चुकतो," म्हणाला. एकोणीस वर्षं मी मागे उभा राहिलो तेव्हा चुकला नाही. बरं, त्याची खोली, त्याचे नियम. चकती स्टीलच्या डबीत बसवायची, थंड करायची, मोजायची, काढून पेटीत ठेवायची, सगळं तोच करतो. मी ओढतो आणि विसरतो.

२० मार्च, शुक्रवार

पेटीत सहा.

भुकटीची बरणी काढायला कपाट उघडलं. जुन्या दहा चकत्यांपैकी चारच दिसल्या. मी झाडूवाल्यावर चिडलो, तो बिचारा शपथा घ्यायला लागला. काटेकोर मधे पडला. "मी घेतल्यात रे. यंत्र नीट तोलतंय का ते पडताळायला जुनी चकती लागते." हे पटण्यासारखं आहे. मग झाडूवाल्याला चहा पाजला.

काटेकोर वाळलाय. विचारलं तर म्हणाला पित्त.

३ एप्रिल, शुक्रवार

पेटीत दहा झाल्या. दोनच राहिल्या, मंगळवारच्या भट्टीतून निघाल्या की संपलं. बाईंनी फवारणी यंत्राचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, मी डोळ्यांनी पाहिलं. टाक्यांवाल्यांना माझ्या पद्धतीचं टिपणही पाठवायचं आहे. कुठली भुकटी, किती पाणी, भट्टी किती अंशांवर, किती तास. मी झोकात लिहून दिलं.

१० एप्रिल, शुक्रवार

१.० आणि १.१.

हे कसं शक्य आहे? तीच भुकटी, तीच भट्टी, तोच हात. पाच आठवडे सहा-सहा, आणि आज एक? मनात पाल चुकचुकली ती यंत्राबद्दल. त्या यंत्राची एक जुनी खोड आहे. ते वायूला वजनानुसार वेगळं करतं. दोन वजनाचा हलका, चार वजनाचा जड, आणि तीन वजनाची हलक्या-जडाची जोडी. पण कधीकधी यंत्राच्या पोटातच तीन हलके एकमेकांना चिकटतात, त्यांचंही वजन तीनच. ते वजा करायचं विसरलं की आकडा खोटा येतो. मी काटेकोरला तोंडावर म्हटलं, "तू तिनाची वजाबाकी केली नाहीस."

तो म्हणाला, "असेल. यंत्राचाच दोष असेल."

एवढंच. ज्याच्या दशांशावर बोट ठेवलं की तो तीन दिवस बोलत नाही, तो माणूस मान खाली घालून "असेल" म्हणाला! म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय. मी बाईंना लेखी तक्रार दिली. मित्र असला तरी काम हे काम.

१५ एप्रिल, बुधवार

यंत्र उघडलं. बाहेरचा तंत्रज्ञ दोन दिवस बसला. यंत्र स्वच्छ, वजाबाकी बरोबर, एक धूळकणही नाही. बाई सगळ्यांसमोर काटेकोरला बोलल्या, "दोष नव्हता तर दोष आहे असं का म्हणालात? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्याने उभं राहून ऐकून घेतलं. मग आठवड्याची रजा लिहून देऊन निघून गेला. जाताना टेबलावरचा चमचा वाकडाच राहिला होता.

मला वाईट वाटलं. पण मनात एक बोचरा आनंदही झाला, हे खोटं कशाला लिहू.

१६ एप्रिल, गुरुवार

आज जे पाहिलं ते नीट लिहायचं आहे.

बाई म्हणाल्या, निदान दहा चकत्या तरी उद्या पाठवू, पेटी बांधा. पेटी नेहमी काटेकोर हाताळायचा, आज मी उघडली. चकती दिव्याखाली तिरपी धरली तर लेपावर साय धरल्यासारखी चकाकी दिसते. दहाही देखण्या होत्या. बघतच राहिलो. मग एक उलटी केली. मागे मी पेन्सिलीने क्रमांक टाकतो. हा क्रमांक ठसठशीत होता, मोठा. माझा आकडा हल्ली मुंगीएवढा असतो. आणि त्या क्रमांकाखाली खोडलेला दुसरा क्रमांक होता, चार वर्षांपूर्वीचा.

दहाच्या दहा तशाच. कपाट उघडलं, ते रिकामं होतं.

मग मी काटेकोरच्या खोलीत गेलो आणि त्याचा खण उघडला. दुसऱ्याचा खण मी जन्मात उघडला नव्हता. आत दहा पुड्या होत्या. पातळ कागदात गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर ओढल्याची तारीख त्याच्या सुबक अक्षरात. या माझ्या खऱ्या चकत्या. एक दिव्याखाली धरली.

तिच्यावर लाटा होत्या. ओढीला आडव्या, बारीक, सारख्या अंतरावर. मी भिंग घेऊन मोजल्या. दहा. ओढ दोन सेकंदांची, म्हणजे सेकंदाला पाच. दुसरी घेतली, तिच्यावरही दहाच. पंपाचे हेलकावे असे नसतात, पंप फार वेगात फिरतो. सेकंदाला पाच वेळा काय हलतं, ते मी स्टुलावर बसून शोधत राहिलो. माझा उजवा हात मांडीवर होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

तो हलत होता. मी त्याला थांब म्हटलं, तो थांबला नाही. कधीपासून हलतो आहे, मला माहीत नाही. बाकी सगळ्यांना माहीत असावं.

१७ एप्रिल, शुक्रवार

पेटी पाठवली नाही. झाकण नीट बसत नाही असं सांगून दिवस काढला आणि सकाळीच काटेकोरकडे गेलो. तो एकटाच राहतो. खोलीत पलंग, टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर तीन घड्याळं, तिन्हींत वेळ तीच. त्याने दार उघडलं आणि माझ्या हातातली पुडी बघून खाली बसला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"हात? गेल्या वर्षीपासून दिसतोय. चकत्यांचं म्हणशील तर तिसऱ्या जोडीपासून."

"का केलंस?"

"भांडारात बसून तू किती दिवस जगला असतास, कारागीर?"

"ही तुझ्याकडे आली होती."

"आली होती. खुर्चीत बसली नाही. म्हणाली, ह्यांना एवढं काम मानाने पुरं करू द्या, मग मी त्यांना डॉक्टरकडे नेते. चकत्या बदला असं ती म्हणाली नाही. ते माझं डोकं. दहा जुन्या होत्या, तुझ्या नव्यांतल्या दोनतरी बऱ्या निघतील असं धरलं होतं. हिशेब चुकला. शेवटी यंत्रावर ढकलावं म्हटलं."

"तू माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यास. आणि तक्रार मी केली होती."

"चांगली लिहिली होतीस. व्याकरण सोडून."

मला हसू आलं, आणि त्यातून रडू आलं, आणि मग भयंकर राग आला. मी ओरडलोच. "मला सांगायचं होतंस! मला! तू लोकांच्या आकड्यांत एकाचा सव्वा करत नाहीस, आणि माझ्यासाठी खोटं लिहिलंस? मी काय लहान मूल होतो?"

"पेटीत चांगल्याच चकत्या आहेत," तो म्हणाला. "कुणाचं वाईट होणार नाही."

"पेटीत चांगल्या. कागदावर काय? कागदावर नवी भुकटी सहा देते असं लिहिलंय. ते त्या भुकटीच्या चारशे करणार. टाक्यांपाशी माणसं उभी राहतील, गाळलेलं पाणी साधं आहे असं समजून. नवी भुकटी काय देते हे तुला माहीत आहे? मला आहे?"

त्याने तोंडावर हात घेतला. मी म्हटलं, "ज्या मोजल्यास त्यांचे आकडे तरी ठेवलेस का?"

"पहिल्या चार मोजल्या. लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर मला ते पान फाडता आलं नसतं. नंतरच्या मोजल्याच नाहीत. लाटा दिसल्या की पुडीत बांधत होतो."

दुपारी घरी आलो. ही कपडे वाळत घालत होती. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "बघ." तिने तो दोन्ही हातांत धरला. ओल्या कपड्यांचं पाणी आमच्या पायांवर ठिबकत होतं. मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला कळतंय आणि तुम्ही लपवताय. म्हणून मीही लपवत होते." चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला घरात नावाने हाक मारली.

१८ एप्रिल, शनिवार

दोघे बाईंकडे गेलो. जिन्यात मी ठरवलं होतं की चकत्या मीच बदलल्या असं सांगायचं. मला काय, दोन वर्षांत जायचंच आहे. पण काटेकोर माझ्याआधी बोलला, आणि बोलला तो तारखांसकट, एकही गोष्ट न सोडता. खोटं बोलायची माझी संधी त्याने घालवली.

बाई ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "हात टेबलावर ठेवा." ठेवला. तिघे त्याच्याकडे बघत बसलो.

"मला दिसत होतं," बाई म्हणाल्या. "हात मिळवला तेव्हा कळलं होतं. पण आकडे चांगले येत होते म्हणून मी विचारलं नाही. ही माझी चूक, ती मी लिहून देणार आहे." मग आवाज बदलला. पेटी थांबवली. टाक्यांवाल्यांना पत्र, पद्धतीचं टिपण मागे. काटेकोरची सही चौकशी होईपर्यंत बंद. त्या खणातल्या दहा चकत्या रीतसर मोजून खरे आकडे नोंदवहीत चढवायचे, आणि ते दुसरा कुणीतरी करेल.

मी म्हटलं, "बाई, ते आम्हालाच करू द्या. त्याने वाचायचं, मी लिहायचं. तुम्ही शेजारी बसा."

बाई म्हणाल्या, "मी बसेन."

२० एप्रिल, सोमवार

सकाळी डॉक्टर. त्यांनी मला बोटं उघडझाप करायला लावली, चालायला लावलं, नाकाखाली कॉफीची पूड धरली. कॉफी आहे हे मला डोळ्यांनी कळलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, हिने वेगळ्या कागदावर लिहून घेतलंय. गोळ्यांनी हात बराच सावरेल म्हणाले. मी विचारलं, दोन सेकंद? ते म्हणाले, कसले दोन सेकंद? मी म्हटलं, काही नाही.

मला भीती वाटते. दिवसभर कुणाला सांगितलं नाही, इथे लिहितो.

दुपारी मोजणी सुरू केली. एक चकती थंड व्हायला पाऊण तास जातो, तेव्हा आज पाचच झाल्या. बाई खुर्चीत. काटेकोर यंत्रापाशी, मी नोंदवही घेऊन. २४ फेब्रुवारीच्या दोन, ३ मार्चच्या दोन, १० मार्चची एक. तो आकडा वाचे, मी लिहीत असे.

"एक पूर्णांक शून्य."

"एक पूर्णांक एक."

"एक पूर्णांक शून्य."

प्रत्येक आकड्याला त्याचा आवाज खाली जात होता. मी म्हटलं, "मोठ्याने वाच. मला ऐकू येतं अजून." मग तो मोठ्याने वाचायला लागला. आयुष्यात इतकं लाजिरवाणं काम केलं नाही, आणि ते चालू असताना मनावरचं ओझं मात्र उतरत होतं. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

२१ एप्रिल, मंगळवार

उरलेल्या पाच. सहावी, १.१. सातवी, १.०. या सातवीवर १७ मार्च ही तारीख होती, आणि आठवीवरही तीच.

आठवी थंड झाली. वायू सोडला. थंड करायला ओतलेल्या द्रव नायट्रोजनची पांढरी वाफ जमिनीवर पसरली होती. काटेकोर बराच वेळ काही वाचेना. मला वाटलं, दमला. मी म्हटलं, "सांग ना."

त्याने तिनाची वजाबाकी पुन्हा केली. डबीचे स्क्रू तपासले. पुन्हा वायू सोडला. बाई उठून त्याच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"पाच पूर्णांक नऊ," बाईच म्हणाल्या.

मी चकती मागून घेतली आणि दिव्याखाली धरली. लाटा होत्या, पण पुसट, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या, आणि कुठेही लेप तुटला नव्हता. म्हणजे भुकटी चांगली आहे. दुसऱ्या कुणाच्या हाताने, नाहीतर त्या फवारणीच्या यंत्राने, चारशे चकत्या होतील आणि सहा देतील. बाई लगेच तसं पत्राच्या कागदावर लिहायला बसल्या. हेच तर आम्हाला शोधायचं होतं, आणि ते महिनाभर त्या खणात पुडीत बांधून पडलं होतं.

काटेकोर भिंतीकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, "मी ही लावलीच नव्हती. जोडीतल्या पहिलीवर लाटा दिसल्या, म्हणून दुसरी उलगडून पाहिलीच नाही. माझ्याकडे आली तशी बांधली." मग वळून म्हणाला, "तुझी एक खरी निघाली होती रे. तेवढी एक. आणि मी ती..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. नोंदवहीत ५.९ लिहिलं. अक्षर लहान आलं, पण वाचता येतं. "पुढची लाव," मी म्हटलं. त्याने लावली. १.०. त्यापुढची १.१.

घरी येऊन मी या वहीची मागची पानं उलटली. त्या मंगळवारी काय वेगळं होतं ते मला हवं होतं. झोप चांगली लागली होती का, हिने काही म्हटलं होतं का, श्वास कसा धरला होता, हात कसा होता. सतरा मार्चला मी काहीच लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नसावं.